अंबेचे दार, मुठीचे धान्य

१८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रजांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर खिळली. हा मुलूख १८५३ साली निजामाकडून त्यांच्या ताब्यात आलेलाच होता. पाठोपाठ रेल्वे आली, १८६७ पर्यंत बडनेऱ्यावरून नागपूर गाठून मोकळी झाली. अमरावती, खामगाव, अकोला इथे कापसाचे बाजार भरू लागले, पुढे सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. नांदगाव खंडेश्वरसारख्या गावातून बैलगाड्यांच्या रांगा निघत त्या अमरावतीच्या वाटेला लागत.

युद्ध संपले, भाव कोसळला, पण रेल्वे आणि बाजार राहिले. आणि त्यांच्यासोबत एक नवा शब्दही गावोगाव पोचला: सार्वजनिक. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक शाळा, स्टेशनावरचा मुसाफिरखाना, जिल्हा कौन्सिलची सडक. जुन्या गावगाड्यात हा शब्द नव्हता. पाणवठा कुणाचा, देऊळ कुणाचे, चावडीच्या ओट्यावर कुणी बसायचे आणि कुणी खाली उभे राहायचे, हे जन्मानेच ठरलेले असे. नव्या गोष्टी सरकारी पैशांतून, म्हणजे सगळ्यांच्या करातून उभ्या राहात होत्या. वापरताना मात्र जुनाच हिशेब लागू होई. कौन्सिलच्या विहिरीवर महारा-मांगाच्या बाईने घागर लावली तर गाव गोळा होई.

जोतीराव फुल्यांनी ही दोन जगे आधीच जोडून पाहिली होती. १८७३ साली निघालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून मिसिसिपीकाठच्या माणसाचा विचार करणारा दुसरा लेखक त्या काळच्या मराठीत शोधून काढावा लागेल. वऱ्हाडात मात्र ही जोडणी शाईच्या आधी कापसाने केली होती, एवढे नोंदवून ठेवायला हवे.

कापसाच्या पैशाचा मोठा वाटा अडत्याच्या, सावकाराच्या आणि मोठ्या पाटला-देशमुखांच्या घरात गेला, यात नवल नाही. पण थोडा पाझर खालपर्यंतही पोचला. गावकीच्या कामावर आणि बलुत्याच्या चार पायल्यांवर जगणाऱ्या महार माणसाला जिनात, प्रेसमध्ये, रेल्वेच्या रुळांवर आणि १८७७ पासून नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये रोख मजुरी मिळू लागली. ही मजुरी गावच्या पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. असा पैसा हाती आला की माणूस पोराला शाळेत घालायचे म्हणतो. पोरगा चौथीपर्यंत गावात शिकला, पुढे अमरावतीला गेला, तर राहणार कुठे? खानावळीत त्याला पान मिळत नसे, भाड्याची खोली मिळत नसे. वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या चळवळीला वसतिगृहाची गरज पहिल्यापासून का वाटली, याचे उत्तर या साध्या अडचणीत आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींची बोर्डिंगे काढली होती, तोच कित्ता नागपूर-वऱ्हाडात गिरवला जाऊ लागला. नागपुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, त्याला नाव दिले महार संत चोखामेळ्याचे.

हे नाव सहज पडलेले नाही. परंपरेने चोखोबाचे जन्मगाव मानले जाते ते मेहुणाराजा, बुलढाणा जिल्ह्यातले. म्हणजे माणूस आमच्याकडचाच. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून तो दगावला, आणि त्याची समाधी झाली ती पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, नामदेवाच्या पायरीसमोर. सहाशे वर्षे वऱ्हाडातून पायी वारीला जाणारा महार वारकरी तिथपर्यंतच जाई. समाधीवर डोके ठेवी आणि कळसाला हात जोडून मागे फिरे.

मागे फिरला तर रात्री झोपायचे कुठे, हा प्रश्न एका परटाच्या पोराला पडला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव. पुढे खापराचे गाडगे हातात घेऊन हिंडणारा हा माणूस गाडगेबाबा म्हणून ओळखला गेला. १९०५ साली घर सोडल्यावर त्यांनी बांधकामे सुरू केली ती फार साध्या गरजेपासून: पूर्णा नदीवरच्या ऋणमोचनच्या जत्रेत चिखलात घसरणाऱ्या माणसांसाठी घाट. मग मूर्तिजापूरला धर्मशाळा. आणि १९२० च्या सुमारास पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, अस्पृश्य वारकऱ्यांना हक्काने पाठ टेकता येईल अशी. पंढरपूरला वर्षानुवर्षे जाऊनही बाबा विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवत नसत, असे त्यांच्याबरोबर हिंडलेली माणसे सांगत. देवळाबाहेरच्या माणसाची सोय लावण्यातच त्यांची वारी संपत असावी.

बाबांच्या बांधकामांची एक गोष्ट मला कीर्तनांपेक्षाही मोठी वाटते. लाखाच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांवर आपल्या नातलगांचा काडीचा हक्क चालणार नाही हा त्यांचा दंडक होता. बायको कुंताबाई झोपडीत राहिल्या. इमारत बांधायला देणगीदार भेटतो. ती पन्नास वर्षांनी कुणाच्या नावे असेल, तिचे छप्पर कोण शाकारील, याचा विचार बांधतानाच करणारा माणूस विरळा. अंगठाबहाद्दर म्हणवणाऱ्या या माणसाला विश्वस्तपत्राचे मोल वकिलांपेक्षा जास्त कळत होते.

वकील मात्र दुसरीकडून येत होते.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात पापळ नावाचे गाव आहे. तालुक्याच्या गावी यादवकाळच्या हेमाडपंती देवळात खंडेश्वर बसलेला. पापळला त्या वेळी सांगण्यासारखे काही नव्हते. तिथे २७ डिसेंबर १८९८ रोजी शामराव आणि राधाबाई या शेतकरी जोडप्याला मुलगा झाला, पंजाबराव. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज अशा पायऱ्या चढत तो १९२० साली विलायतेला गेला. एडिंबरोची एम. ए., बॅरिस्टरी आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतला. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. अमरावतीच्या शास्त्रीमंडळींशी पुढे त्यांचा सामना व्हायचा होता, तेव्हा कुणब्याला वेदातले काय कळते, हे म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती.

परतल्याबरोबर त्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी अमरावतीत छात्रालय काढले. नाव ठेवले श्रद्धानंद छात्रालय. अस्पृश्यतानिवारणासाठी झटलेल्या स्वामी श्रद्धानंदांचा डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत खून झाला होता. पैसे कुठून आणणार? मुष्टिफंड काढला. घरोघरची बाई दळणा-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकी आणि ते गोळा करून मुलांच्या जेवणाला लागे. जातवार बोर्डिंगांच्या त्या काळात इथे वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहिली आणि एका पंगतीला जेवली. ज्या घरातून मूठ आली त्या घरच्या माणसांनी स्वतः कदाचित अशी पंगत मांडली नसती. पण त्यांचे धान्य त्या पंगतीत शिजत होते.

१९२७ उजाडले. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याची धग वऱ्हाडात पोचायला वेळ लागला नाही. अमरावतीच्या अस्पृश्य मंडळींनी विचारले, पाणी झाले, देवाचे काय? अमरावतीचा देव म्हणजे अंबादेवी. कौंडिण्यपूरची रुक्मिणी याच देवळात दर्शनाला आली असता कृष्णाने तिला पळवले अशी कथा वऱ्हाडातल्या प्रत्येक आजीला पाठ. नवरात्रात सारा जिल्हा तिथे लोटतो. त्या गर्दीत अस्पृश्याची जागा बाहेर, रस्त्याच्या कडेला.

मंदिराच्या पंचमंडळींत वजन होते गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्ड्यांचे. लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी, नामांकित वकील, थाटामाटामुळे ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणून ओळखले जाणारे. इंग्रजाकडे स्वराज्य मागताना त्यांची वाणी तळपत असे. मंदिराचा प्रश्न आला तेव्हा पंच रूढीकडे बोट दाखवू लागले. बहिष्कृतांनी अर्ज-विनंत्या केल्या, दाद लागली नाही. सत्याग्रह करायचे ठरले आणि त्याच्या तयारीच्या समितीत पापळचे पंजाबराव पुढे उभे राहिले. स्पृश्य समाजातला, ऑक्सफर्डहून आलेला एक तरुण बॅरिस्टर या बाजूला उभा आहे, याचे वजन दोन्हीकडे पडले.

१३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीचे इंद्रभुवन थिएटर. वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद, अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या भाषणाचा गाभा असा होता की हिंदू धर्माची मिळकत ही एकट्या स्पृश्यांची नाही. ती घडवायला जसे वसिष्ठ लागले तसे वाल्मीकी, चोखामेळा, रोहिदासही लागले. मग त्या मिळकतीवरचा हक्क एका वाटेकऱ्याने बळकावावा कसा? हे भाविकाचे बोलणे नव्हते. देऊळ हीसुद्धा विहिरीसारखीच सार्वजनिक जागा आहे आणि तिथे समान हक्क हवा, असा हा सरळ मिळकतीचा दावा होता, वाटणीच्या दाव्यासारखा.

परिषद चालू असतानाच मुंबईहून तार आली. बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम वारले होते. सभेने दुखवट्याचा ठराव केला. दुःख गिळून बाबासाहेबांनी परिषदेचे काम चालू ठेवले.

सत्याग्रह त्या वेळी झाला नाही. पंचांनी विचाराला वेळ मागितला आणि परिषदेने तो दिला. पंजाबरावांनी त्याच नोव्हेंबरात मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले, तेही जातीबाहेर. घरच्यांना आणि जातीला हा दुसरा धक्का. मंदिरप्रवेशाच्या इतिहासात नाशिकच्या काळारामाचे नाव पहिल्यांदा घेतले जाते, पण तो सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. अमरावतीची परिषद त्याच्या सव्वादोन वर्षे आधीची. मला पंचांच्या त्या दिरंगाईचेही महत्त्व वाटते. अंबेच्या दाराशी अडलेल्या माणसांना कळून चुकले की दाराची किल्ली पंचांकडे असेल तर आपल्याला त्यांच्या तारखांवर जगावे लागणार.

म्हणून किल्ली हाती येईल अशा जागा शोधणे आले. १९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि कौन्सिलच्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. कागदावरच्या हुकुमाने गावची विहीर लगेच खुली होत नाही, हे खरेच. पण आता घागर घेऊन जाणाऱ्या बाईच्या पाठीशी कौन्सिलचा ठराव होता. अडवणारा कायदा मोडत होता, ती नव्हे. १९३० नंतर ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३२ साली त्यांनी कायदेमंडळात हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवळांत साठलेला पैसा लोकोपयोगी कामाला लागावा, असा त्याचा रोख. सनातन्यांनी गदारोळ केला, तो अपेक्षितच होता. देवळाचे दार उघडत नसाल तर देवळाची तिजोरी तरी लोकांसाठी उघडा, असे म्हणणारा मंत्री त्यांना महाडच्या सत्याग्रहींपेक्षाही धोकादायक वाटला असणार. त्याच वर्षी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. आज वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्यात जा, तिची शाळा किंवा कॉलेज सापडते.

चळवळीतली सगळी माणसे एका दिशेने गेली, असे चित्र रंगवणे सोपे आहे, पण खोटे. अमरावती जिल्ह्याचेच गणेश आकाजी गवई हे कायदेमंडळात बसणारे अस्पृश्यांचे पहिल्या पिढीतले पुढारी. १९३२ साली संयुक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर ते राजा-मुंजे कराराच्या बाजूने गेले, बाबासाहेबांची वाट सोडून. आणि बाबासाहेबांनीच १९३५ मध्ये येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा देवळाच्या दाराचा प्रश्नच त्यांच्यापुरता मिटला. अंबादेवीसाठी सात-आठ वर्षे आधी जमलेल्या माणसांना यातले काय वाटले असेल? त्यांतल्या कित्येकांनी मुलांना शाळेत घातले होते. ती मुले आता बोलू लागली होती.

मुलीही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित परिषद भरली, तिला जोडून २० तारखेला महिलांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीत राबणाऱ्या बायकांना रजा, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाची चर्चा संसदेत रंगायच्या कितीतरी आधी! १९२७ च्या इंद्रभुवन थिएटरपासून हे अंतर पंधरा वर्षांचे. पंधरा वर्षांत अमरावतीची एक बाई हजारो बायकांच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवते, हे देवळाच्या पायरीवर घडत नाही. त्यासाठी आधी कुठेतरी पाटीवर धुळाक्षरे गिरवली गेलेली असतात.

इकडे मुष्टिफंड चालू होता त्या काळात अमेरिकेत काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. दक्षिणेतल्या काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळा बंद होत्या. काळ्यांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी एक योजना आखली: गावच्या काळ्या वस्तीने पैसा, जमीन, मजुरी यांतला आपला वाटा उचलायचा, उरलेला भार निधी आणि सरकार यांनी. १९१२ ते १९३२ या काळात पंधरा राज्यांत अशा शाळा पाच हजारांच्या घरात उभ्या राहिल्या. आणि वाटा उचलायचा कसा? शेताचा एक तुकडा बाजूला ठेवून त्यातला कापूस शाळेच्या नावाने विकायचा. वऱ्हाडातल्या बाईची धान्याची मूठ आणि अलाबामातल्या बाईचा कापसाचा तुकडा! कुणी कुणाचे पाहून केले नव्हते. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या काळ्यांचा प्रश्न त्यांना माहीत होता; १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्रही लिहिले. पण मुष्टिफंडाला कोलंबियाची गरज नव्हती. रिकाम्या हातांना जे सुचते ते दोन्हीकडे सुचले.

तिकडे पुढे घडले ते आपल्यालाही ओळखीचे वाटेल. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. न्याय झाला, आणि काळ्या वस्तीने घामाने उभ्या केलेल्या त्या शाळा ओस पडल्या. कुणी कोठारे केली, कित्येक जमीनदोस्त झाल्या. २००२ पर्यंत त्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेल्या होत्या. आज सुमारे पाचशे उरल्या आहेत. मोठे दार उघडले की आपण बांधलेल्या लहान दाराकडे कोण बघणार, ही अडचण फक्त आपली नाही.

पंढरपूरला ते मोठे दार उघडले १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबाच्या समाधीवरून परतणारा वारकरी आत गेला. म्हणजे चोखामेळा धर्मशाळेची गरज संपली, असे कुणाला वाटले असते. गाडगेबाबांना वाटले नाही. त्यांनी दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, ती धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. वारकऱ्याची जागा विद्यार्थ्याने घेतली. धर्मशाळा राखायची तर तिचा उपयोग बदलावा लागेल, आणि ती अशा संस्थेच्या हाती द्यावी लागेल जी ज्यांच्यासाठी बांधली त्यांचीच आहे, एवढा लांबचा हिशेब त्या खापरवाल्या माणसाने केला होता.

बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. गाडगेबाबा चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गेले. दोन महिन्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. वऱ्हाडातल्या वस्त्यांतून लोक रेल्वेने, बैलगाडीने, पायी नागपूरला गेले होते. परत आले तेव्हा वस्तीत देवाच्या ओट्याऐवजी निळा झेंडा आणि पंचशील लागले. पुढच्या काळात गावोगावी वर्गणीतून बुद्धविहार झाले, मध्ये एक मोकळी खोली, जिथे संध्याकाळी पोरे अभ्यासाला बसतात.

ही दीक्षा झाली त्या दीक्षाभूमीची जबाबदारी ज्या स्मारक समितीकडे आली, तिचे अध्यक्षपद दीर्घकाळ होते अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरच्या रा. सू. गवईंकडे. १९६४ साली तिथे महाविद्यालय सुरू झाले, स्तूप २००१ मध्ये खुला झाला. २०२४ साली स्तूपाशेजारी जमिनीखाली वाहनतळ करायला खोदकाम सुरू झाले. दीक्षाभूमीला धक्का बसेल, या भीतीने १ जुलैला विदर्भातून हजारो माणसे आली. कुणाच्या नेतृत्वाची वाट न बघता आली, आणि खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. त्याच दिवशी सरकारने कामाला स्थगिती दिली.